मायने सांगितलेली घागर

पत्र

सिस्टर, नमस्कार.

मी अमळनेरला असते. वय ५३, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझी माय ८१ वर्षांची आहे. दसऱ्याच्या सुमारास तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. गावात कावीळ उतरवून झाली, माळ घालून झाली. मग तपासण्या केल्या तर स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, यकृतात पसरलेला. मुंबईला दाखवलं. तिथे पित्ताच्या वाटेत नळी बसवली, कावीळ थोडी उतरली. डॉक्टर म्हणाले, या वयात आणि या तब्येतीला किमो झेपणार नाही. घरी न्या, दुखू देऊ नका. तेव्हापासून माय माझ्याकडे आहे. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. धाकटा भाऊ सुरतेला कापड मार्केटमध्ये कामाला आहे. गावचं घर बंद असतं.

तीन आठवडे झाले, माय जेवत नाही. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन दिवसभर कापूस वेचणारी बाई ती. आता दोन चमचे पेज घेते आणि म्हणते, ‘माले आते काही नको.’ मी चमचा पुढे केला की तोंड फिरवते. मी गालाला धरून भरवते. परवा मी तिच्यावर ओरडले, शाळेतल्या पोरांवरही कधी ओरडत नाही तशी. भावाचा रोज फोन असतो. जळगावला ॲडमिट कर, सलाईन लाव, नाकातून नळी टाक, तिला उपाशी मारू नको, असं तो म्हणतो. ‘उपाशी मारू नको’ हे त्याचेच शब्द.

मुंबईच्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आहेत. भाऊ म्हणतो ती अफूच आहे, तिने सवय लागते आणि माणूस लवकर जातो. म्हणून मी त्या कपाटात ठेवल्या आहेत. रात्री माय पाठ धरून रडायला लागली तरच एक देते.

चुलते आणि भाऊबंद म्हणतात, लेकीच्या घरी मायने देह ठेवू नये, पाणी पोराने पाजायला हवं, तिला गावी आणा. गाव इथून तीसेक किलोमीटरवर, बोरीच्या काठाला आहे. माय स्वतः कधीकधी म्हणते, ‘माले घर लई चाल,’ मला घरी घेऊन चल. पण तिथे करणारं कोण?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, महिन्यावर आली. दरवर्षी मी माहेरी जायची, यंदा माहेरच माझ्या घरी आलंय. परवा अंग पुसताना माय म्हणाली, ‘पुढली आखाजीले मनी घागर भरजो, इसरू नको.’ आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. मी म्हटलं, असं अभद्र बोलू नकोस, तू बरी होणार आहेस. तिने डोळे मिटले. तिच्या आजाराचं नाव आम्ही तिला सांगितलेलं नाही.

शेवटचं लिहायला लाज वाटते. कधीकधी मनात येतं की ही सुटावी आता. मी कशी लेक आहे?

एक वाचक, अमळनेर

उत्तर

ताई, संपादकांनी तुमचं पत्र पाठवलं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो. मासिक छापून हातात यायला महिना जातो. तुमच्याकडे महिना आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही, म्हणून मी थांबले नाही. तुम्ही हो म्हणालात म्हणून आता सविस्तर लिहिते. अशीच पत्रं मला साक्रीहून, पाचोऱ्याहून, शहाद्याहून येतात, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

जेवणापासून सुरू करते. माय जेवत नाही म्हणून जात नाहीये. ती जायला लागली आहे, म्हणून तिची भूक गेली आहे. हे वाक्य भावाला फोनवर वाचून दाखवा. असा आजार पसरला की शरीर अन्न वापरूच शकत नाही. जठर सावकाश रिकामं होतं, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, मळमळतं. आजाराने शरीराची अन्न वापरायची रीतच बदललेली असते, त्यामुळे आत ढकललेलं अन्न अंगी लागत नाही, झडलेलं मांस परत येत नाही. आपल्याला भूक लागली आणि मिळालं नाही तर कासावीस होतं, तसं तिचं होत नाही. तिला भूकच नाही. ‘माले आते काही नको’ म्हणते तेव्हा ती खरं बोलते आहे, तिचं ऐका.

मला हे सगळं पाठ होतं. सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं नोकरी केली, आधी धुळ्यात, मग तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात. शेकडो नातेवाइकांना मी हेच समजावून सांगितलं होतं. तरीही माझ्या स्वतःच्या आईला तिच्या शेवटच्या आठवड्यात मी रव्याची खीर भरवली. वेलदोडा घालून, तिला आवडायची तशी. ती नको म्हणत होती. मी हनुवटी धरली आणि चमचा आत घातला, एक, दोन, तीन. चौथ्याला तिला ठसका लागला. गिळायची ताकदच नव्हती, खीर श्वासनलिकेत गेली. रात्रभर ती खोकत होती, ओठ निळे पडले, छातीत घरघर सुरू झाली. पहाटे थोडी शांत झाली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तू दमलीस.’ त्यानंतर ती सहा दिवस होती आणि सहाही दिवस तो खोकला तिच्याबरोबर होता. तुम्ही गालाला धरून भरवता हे वाचलं आणि मला ती रात्र आठवली. आजपासून तो चमचा बाजूला ठेवा, ताई. ज्याला ती स्वतः तोंड उघडेल तेवढंच द्या, उशीला टेकवून बसतं करून, एका वेळी अर्धा चमचा. कैरीचं पन्हं मागितलं तर पन्हं, चहा मागितला तर चहा. ठेचा मागितला तर जिभेला बोट लावू द्या. पोषणाचा हिशेब आता संपलेला आहे, चवीचा अजून आहे.

सलाईनचंही तसंच. उलट्या-जुलाबाने कोरड्या पडलेल्या माणसाला सलाईन जीवदान देतं. पण मूत्रपिंडं आणि हृदय मंदावत चाललेल्या माणसाच्या शिरेत रोज दोन बाटल्या सोडल्या तर ते पाणी जाणार कुठे? पायांवर सूज येते, पोटात साठतं, फुप्फुसात उतरतं आणि घरघर वाढते. नाकातली नळी माणूस झोपेत उपसतो, मग हात बांधतात. हात बांधलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या खाटांजवळ मी रात्रपाळ्या केल्या आहेत. त्या नळीने अशा आजारात दिवस वाढताना मी पाहिलेले नाहीत.

कोरडेपण मात्र खरं आहे, आणि ते तोंडात असतं. शेवटी शेवटी तहान पोटाला लागत नाही, जीभ आणि ओठ सुकतात. म्हणून खरी शुश्रूषा तोंडाची करायची. उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा. त्यात स्वच्छ मऊ फडकं भिजवायचं, पिळायचं, बोटाला गुंडाळून जीभ, गालांची आतली बाजू आणि हिरड्या हलक्या हाताने पुसायच्या. जागी असेल तेव्हा दर दोन तासांनी. ओठांना साजूक तूप किंवा खोबरेल. आपल्याकडचा वैशाख तुम्हाला सांगायला नको, पारा ४४-४५ च्या घरात जातो, तर बर्फाचा बारीक चुरा रुमालात घेऊन ओठांना लावा. कुलरचा झोत थेट अंगावर नको, भिंतीकडे वळवा. आणि भाऊ सुरतेहून आला की हे काम त्याला द्या. त्याला ‘मी पाणी पाजलं’ हे समाधान हवं आहे. त्यात गैर काहीच नाही, पण पेला ओतून ते मिळणार नाही.

आता मॉर्फिन. मी हात जोडून सांगते, त्या गोळ्या कपाटातून बाहेर काढा. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तेव्हापासून मॉर्फिन त्या यादीत आहे. ते अफूपासून होतं हे खरं. पण दुखणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, थोड्यापासून सुरू करून बेताबेताने वाढवत दिलं, तर त्याने श्वास थांबत नाही आणि माणूस लवकर जात नाही. व्यसन म्हणाल, तर ८१ वर्षांच्या मायला तिच्या शेवटच्या पंधरवड्यात कसलं व्यसन लागणार? आणि लागलं तरी बिघडलं काय?

तुमच्याकडून झालेली चूक सगळेच करतात. रडायला लागल्यावर गोळी देणं. साधी गोळी जेमतेम चार तास काम करते. दुखणं चढल्यावर दिली तर ती दुखण्याच्या मागे धावत राहते आणि मधले सगळे तास माय सोसत राहते. घड्याळ लावून, दर चार तासांनी, दुखो न दुखो द्यायची असते. रात्री झोपताना दुप्पट मात्रा देऊन मध्यरात्रीची टाळता येते का, हे डॉक्टरांना विचारा. मधेच कळ आली तर जादा किती द्यायची, तेही कागदावर लिहून घ्या. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ राहील, मग कमी होते. बद्धकोष्ठ मात्र होणारच, आणि ते आपोआप जात नाही. म्हणून गोळी सुरू केल्या दिवसापासूनच जुलाबाचं औषध सुरू ठेवायचं. ते दिलं नाही तर पोट फुगतं, माणूस तळमळतो आणि नातेवाईक म्हणतात मॉर्फिन सोसलं नाही. मुंबईच्या कागदावर ते औषध लिहिलेलं आहे, तुम्ही मला फोनवर वाचून दाखवलंत. ते आणलेलंच नाही. आज आणा. लघवी फार कमी झाली तर मॉर्फिनची मात्राही कमी करावी लागते, तेव्हा डॉक्टरांना कळवा.

गोळ्या संपल्यावर त्या प्रत्येक मेडिकलवर मिळत नाहीत. अंमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्याने मॉर्फिन रुग्णांपासूनही दूर गेलं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं. केंद्र सरकारचा पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे बरा न होणाऱ्या आजाराचा त्रास कमी करण्याचा, कार्यक्रम २०१२ पासून आहे. जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा रुग्णालयात या नावानेच चौकशी करा, मुंबईचे कागद बरोबर न्या. चार दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच जा. शेवटच्या गोळीची वाट पाहू नका. गोळ्या कुलपात ठेवा, वहीत मोजून लिहा, उरल्या तर परत करा.

एक गोष्ट पत्रात नव्हती, फोनवर कळली. माय रात्री उठून बसते, कपडे ओढते, कुणाचं ऐकत नाही. सगळे म्हणतात भ्रम झाला. असेलही, पण आधी ओटीपोटावर हात ठेवून बघा. ग्रामीण रुग्णालयात एक आजी तीन रात्री अशाच तळमळत होत्या. कुणी अंगारा आणला, कुणी झोपेचं इंजेक्शन मागितलं. त्यांची लघवी तुंबली होती. नळी घातली, लिटरभर लघवी निघाली आणि त्या शांत झोपल्या. तुंबलेली लघवी, खडा झालेली शी, माकडहाडावरची जखम, न दिलेली गोळी, हे चार आधी तपासा. जखम होऊ नये म्हणून हवेची गादी भाड्याने मिळते, ती आणा. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, टाचेखाली मऊ कापडाची घडी ठेवा. शेवटच्या दोन दिवसांत कूस बदलताना कण्हायला लागली तर तेही कमी करा.

गावी न्यायचं की नाही, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. भाऊबंदांना विचारू नका, मायला विचारा. ‘माले घर लई चाल’ याचे दोन अर्थ असू शकतात. कधीकधी जाणारं माणूस स्वतःच्या ओसरीवर, स्वतःच्या बाजेवर पडलेलं असतं आणि तरी घरी चल म्हणतं. ते घर कुठलं, हे आपल्याला कळत नाही. अशा वेळी हात हातात घेऊन ‘जाऊ हं’ एवढंच म्हणावं. पण तुमच्या मायला खरंच गावचं धाब्याचं घर, दारातला निंब बघायचा असेल तर न्या, आणि या आठवड्यातच न्या. निघायच्या अर्ध्या तास आधी गोळी द्या, पहाटे उन्हाआधी निघा, गाडीच्या मागच्या सीटवर गादी घाला. दोन तास अंगणात निजवा आणि परत आणा. शेजारपाजारच्या बाया भेटतील, घर डोळ्यांनी बघून होईल. शेवटच्या दोन-तीन दिवसांत मात्र हलवू नका. लोक काय म्हणतील म्हणून अर्ध्या रस्त्यात गाडीत गेलेली माणसं मला माहीत आहेत. पारोळ्याच्या रस्त्यावर, ट्रकच्या आवाजात. लेकीच्या घरी देह ठेवू नये असं म्हणणाऱ्यांपैकी एकाने तरी तिची कूस बदलली आहे का, हे मी विचारलं असतं. तुम्ही विचारू नका, तुम्हाला त्या माणसांत राहायचं आहे. फक्त म्हणा, मायनं सांगितलं तसं करते आहे.

भावाला बोलवा. सुरतेहून ताप्ती लाईनच्या गाडीत बसला की तो थेट अमळनेरला उतरतो. चार दिवस राहा म्हणावं, आणि रात्रपाळी त्याला द्या. लांब राहणारं पोर फोनवर नळ्या आणि आयसीयू मागतं, कारण त्याला करायला दुसरं काही नसतं, आणि आपण नव्हतो हे त्याला आतून खात असतं. ‘उपाशी मारू नको’ हे तो तुम्हाला म्हणाला खरा, पण बोलतोय तो स्वतःशी. दोन रात्री त्याने तिचे पाय चेपले, पहाटे चारची गोळी स्वतःच्या हाताने दिली, की तो जळगावचं नाव काढणार नाही. काढलंच, तर दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोला. जाणाऱ्या माणसाला दवाखान्यात नेलंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केला आहे. आपल्यावर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची सोय त्याच निकालाने दिली आणि २०२३ च्या जानेवारीत ती सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. ते तुमच्या-माझ्यासाठी. मायच्या बाबतीत कागद लागणार नाही. फक्त तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा की ती घरी जाईल, तुम्ही येऊन दाखला द्याल ना? ऐनवेळी डॉक्टर शोधत फिरायची पाळी येऊ नये. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, म्हणजे तुमच्याकडे झाला तर अमळनेर नगरपरिषदेत, २१ दिवसांच्या आत.

शेवटचे दिवस कसे असतात हे आधी माहीत असलं की घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली जात नाही. झोप वाढत जाईल. लघवी कमी आणि गडद होईल. हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर निळसर जांभळे चट्टे दिसतील. श्वास भरभर चालेल, मग थांबेल, वीस-तीस सेकंद, आणि पुन्हा सुरू होईल. तुम्ही मोजत बसाल, सगळेच मोजतात. घशात घरघर वाजेल. आपल्याला वाटतं ती गुदमरते आहे. गिळायची ताकद गेल्यामुळे साठलेली ती लाळ असते, आणि बेशुद्धीत असलेल्या माणसाला तिचा त्रास बहुधा होत नाही. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा, बस. मधेच एखादा दिवस ती एकदम टवटवीत होईल, चहा मागेल, नावं घेऊन बोलेल. दिवा मोठा झाला म्हणतात तो. त्या दिवशी दवाखान्यात पळू नका, शाळेत जाऊ नका, तिच्याजवळ बसा. ती तुमच्या वडिलांशी बोलताना दिसली तर ‘ते कुठे आहेत इथे’ म्हणू नका. आणि भेटायला येणारे! आपल्याकडे जीपच्या जीप भरून येतात, उंबऱ्यातूनच गळा काढतात. एखादी खमकी मामी नाहीतर नणंद दाराशी बसवा. दोघं दोघं आत, दहा मिनिटं, रडणं ओट्यावर.

गंगाजल आणि तुळशीपान द्यायचं असेल तर अवश्य द्या, पण पळीने ओतू नका. कापसाचा बोळा भिजवून ओठांना लावा. माझ्या आईच्या खिरीनंतर हे मी प्रत्येक घरात सांगते. जमिनीवर घ्यायची घाई करू नका. श्वास चालू असताना चौघांनी उचलून खाली ठेवणं म्हणजे तिच्या प्रत्येक हाडाला कळ आहे. हवं तर आधीपासूनच गादी खाली घाला.

तिला आजाराचं नाव सांगितलेलं नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. ताई, तिला माहीत आहे. तिने तुम्हाला सांगितलंसुद्धा. ‘पुढली आखाजीले मनी घागर भरजो.’ याहून स्वच्छ कुणी काय सांगावं? आजाराचं नाव तिला नसेल माहीत. तिला त्याची गरजही नाही. आपण जाणार हे तिला ठाऊक आहे आणि ते एकदा कुणाजवळ तरी बोलायचं होतं. अंग पुसताना तिने तुम्हाला निवडलं. तुम्ही ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणालात, तिने डोळे मिटले. तुम्हाला धीर देण्यासाठी आता ती गप्प राहील, तुमच्याबरोबर बरं होण्याचं नाटक करील, आणि एकटी पडेल. मी दवाखान्यात हे फार पाहिलं. आत आजोबा म्हणायचे, ‘सिस्टर, पोरांना सांगू नका, घाबरतील.’ बाहेर पोरं म्हणायची, ‘सिस्टर, आबांना सांगू नका.’ मधल्या पडद्यापाशी मी उभी.

आणखी एक. घागर बहुतेक घरांत मुलगा भरतो, त्याच्या उंबऱ्यावर. तिने भावाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगितलं. लेकीच्या घरी जावं की नाही, याचंही उत्तर मला त्यातच दिसतं. पण मी परकी, तुम्ही तिलाच विचारा.

‘ही सुटावी’ असं मनात येतं, हे वाचून तुमच्याबद्दल माझं मन जराही खट्टू झालं नाही. आपल्या भाषेने हा शब्द उगाच नाही ठेवलेला. गावात कुणी दीर्घ आजाराने गेलं की पहिलं वाक्य हेच असतं, ‘सुटली बिचारी.’ त्यात कुणी पाप बघत नाही. इतके महिने तुम्ही शाळा करून, स्वयंपाक करून, रात्री तिची लुगडी बदलून जगता आहात. तिच्या कळा थांबाव्यात आणि तुम्हाला एक रात्र सलग झोप मिळावी, या दोन्ही इच्छा एकाच मनात एकाच वेळी असतात. आईच्या वेळी माझ्याही होत्या. अर्जित रजा शिल्लक आहे म्हणालात, ती आता घ्या, नंतर दहाव्या-बाराव्याला घेण्यापेक्षा आता. परवाच्या ओरडण्याबद्दल तिला एकदाच सांगा, ‘माय, मी ओरडले, चुकलं.’ लांबण लावू नका. ती बहुधा म्हणेल, ‘तू जेवनीस का?’

आणि उद्या सकाळी अंग पुसताना तुम्ही स्वतःच विषय काढा. म्हणा, ‘माय, तू घागर म्हनत व्हतीस. मी भरसू.’ ती रडेल कदाचित, तुम्हीही रडाल, पंचा हातात असेलच. मग तिला विचारा. घागर गावच्या कुंभाराकडची आणायची की इथली चालेल. आंबे आपल्या झाडाचे, की त्या वेळेला मिळतील ते. खरबूज केवढं. सांजोरीत गूळ घालायचा की साखर, आणि किती करायच्या, कुणाकुणाला वाटायच्या. ती सांगेल ते जवळ वही घेऊन लिहून घ्या.